पत्र्यासारखी वाजणारी गिटार

इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय: "काका, फेंडर स्ट्रॅटसारखी दिसणारी आठ हजारांची इलेक्ट्रिक गिटार आहे, ती लॅपटॉपला जोडायला दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, त्यात घालायची फुकटची अ‍ॅम्पची प्लगइनं आणि दहा वॉटचा सरावाचा अ‍ॅम्प. डिस्टॉर्शन लावलं की रेकॉर्डिंग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येतं. ट्रेबल (वरचे सूर) कापला तर रजईखालून वाजल्यासारखं होतं. मधलं काही जमतच नाही. नवा माइक घेऊ का?"

माइक घेऊ नकोस. निदान या महिन्यात तरी नको.

तीस वर्षं याच गावात गिटार वाजवतोय. ऑर्केस्ट्रा झाले, गणपतीचे मंडप झाले, लग्नं झाली, आणि आता रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं करतो. तुझी तक्रार महिन्यातून दोनदा तरी कानावर येते, आणि जवळजवळ प्रत्येक जण तू करतोयस तेच करत असतो: आवाज बिघडतो एकीकडे आणि औषध लावायचं दुसरीकडे. आमच्या घरी आईचा तानपुरा होता. तो चिरका वाजायला लागला की त्यावर कुणी कापड टाकत नसे. घोडीवरची, तारा टेकतात तिथली जवारी घासून आणायची, तारेखालचं सूत केसभर सरकवायचं, आवाज पुन्हा गोल. गिटारलाही तेच लागू आहे. शेवटचा ईक्यू, म्हणजे वरचे-खालचे सूर कमी-जास्त करायची सोय, हे कापड. आपण आधी जवारीकडे बघू.

तुझ्या बाबतीत माझा पहिला संशय स्पीकरवर आहे, म्हणजे नसलेल्या स्पीकरवर. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर आवाज मोठा करतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो आवाज गाळतोही, हे फार कमी जणांना. सेलेस्टियनच्या व्हिन्टेज ३० या प्रसिद्ध स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याचा पल्ला ७० ते ५,००० हर्ट्झ एवढाच दिलेला आहे. त्याच्यावर तो झपाट्याने खाली येतो. तुझा हेडफोन मात्र वीस हजारांपर्यंत सगळं इमानदारीत ऐकवतो. आता डिस्टॉर्शन काय करतं बघ. ते आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटतं, आणि शेंडे छाटले की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे हार्मोनिक्स जन्माला येतात. तुझी सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते; तिचा साठावा हार्मोनिक पाच हजारांच्या जवळ येतो. त्याच्या पुढची सगळी पिलावळ खऱ्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर गिळून टाकतो. स्पीकर वगळून सरळ लॅपटॉपमध्ये गेलास की ती सगळी कानात येते, आणि तोच तुझा खिळा.

हे मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. एका मंडळासाठी भक्तिगीतांची सीडी करत होतो. रात्री उशीर झालेला, अ‍ॅम्प उचलून आणायचा कंटाळा, म्हणून डिस्टॉर्शनचा पेडल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घातला. मॉनिटर स्पीकर मोठा करून ऐकलं, जोरदार वाटलं, खूश होऊन झोपलो. सकाळी मंडळाच्या काकांनी गाडीत सीडी लावली. अर्धा मिनिट ऐकून त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, "अहो, मागे हे भजी तळल्यासारखं काय वाजतंय?" ती भजी म्हणजे माझी गिटार. सगळे ट्रॅक पुन्हा वाजवावे लागले, फुकटात.

तर या गाळणीची सोय लॅपटॉपमध्ये करावी लागते. तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, लिहिताना आयआर. एखाद्या खऱ्या कॅबिनेटसमोर (स्पीकरच्या पेटीसमोर) विशिष्ट जागी माइक ठेवून त्याच्या प्रतिसादाचा घेतलेला ठसा, एवढाच त्याचा अर्थ. छोटीशी वेव्ह फाइल असते, आणि चांगल्या फाइली फुकट मिळतात. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे प्लगइनही फुकट आहे आणि त्याच्या आतच आयआर लावायची जागा आहे.

आता तुझी रजई. मला जवळजवळ खात्री आहे की ती इथेच शिवली गेलीये. अ‍ॅम्पची जी मॉडेलं उतरवून घेतोस, त्यांतली काही नुसत्या अ‍ॅम्पची असतात आणि काही कॅबिनेट-माइकसकट घेतलेली असतात. पहिल्या प्रकाराला आयआर लावला नाहीस तर पत्रा. दुसऱ्या प्रकाराला वर आणखी आयआर लावलास तर एकावर एक दोन गाळण्या, म्हणजे रजई. तू मॉडेल बदलत राहिलास आणि प्लगइनांची साखळी तशीच ठेवलीस, तर कधी हे, कधी ते, आणि दोष मात्र ट्रेबलच्या नॉबला. म्हणून प्रत्येक मॉडेलबरोबरची माहिती वाच आणि साखळीत कॅबिनेट एकदाच, फक्त एकदाच आहे ना ते मोजून घे. मल्टिइफेक्ट पेडल वापरत असशील तर त्यातही कॅबिनेट चालू आहे का ते बघायला विसरू नकोस.

आयआर निवडताना आणखी एक. एकाच कॅबिनेटच्या पाच-सहा फाइली असतात, नावात 'कॅप' किंवा 'एज' असं काहीतरी लिहिलेलं असतं. कॅप म्हणजे स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर माइक, तो जास्त टोकदार. एज म्हणजे कडेला, तो मऊ. तू आधी मऊ लाव आणि मग हळूहळू मध्याकडे ये. लोक उलट करतात आणि मग ईक्यूशी झगडत बसतात. आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घे, कारण जो मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. या खोडीतून मीही अजून सुटलेलो नाही.

दुसरी गोष्ट गेनची, म्हणजे डिस्टॉर्शन किती हे ठरवणाऱ्या नॉबची. घरात एकट्याने वाजवताना गेन नऊवर छान वाटतो, बोटांच्या चुका झाकतो, सूर लांबतो. रेकॉर्डिंगमध्ये तोच गेन तारेचा ठोसा खाऊन टाकतो आणि उरते नुसती भणभण. तुला जेवढा हवासा वाटतो त्याच्या निम्म्यावर आण. पातळ वाटेल. मग तोच भाग दुसऱ्यांदा वाजव, एक डावीकडे टाक, एक उजवीकडे. पहिल्या ट्रॅकची नक्कल सरकवून चालत नाही; दोनदा वाजवायचंच, कारण दोन वादनांतला बारीक फरकच भरीवपणा देतो. मोठमोठ्या रेकॉर्डांवरच्या गिटारी जाडजूड वाटतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं: गेन आपण समजतो त्याच्यापेक्षा कितीतरी कमी आणि वादन दोन किंवा चार वेळा.

गेनबरोबरच, तुझ्या प्लगइनमध्ये 'ओव्हरसॅम्पलिंग' असं काही बटण असेल तर ते चालू कर. तू ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करत असशील, तर कॉम्प्युटरला २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. डिस्टॉर्शनचे त्याच्यावरचे हार्मोनिक्स दुमडून खाली येतात आणि तुझ्या सुरांशी कसलंही नातं नसलेल्या जागी जाऊन बसतात. उंच तारेवर बेंड घेताना (तार खेचून सूर चढवताना) मागे उलट्या दिशेने काहीतरी शिट्टीसारखं सरकताना ऐकू आलं तर समज, हेच. लॅपटॉप दमत असेल तर वाजवताना बंद ठेव, फायनल काढताना चालू कर.

आता गिटारकडे येऊ. हे मला खरं तर आधी लिहायला हवं होतं, कारण यात पैसेही जात नाहीत. तुझी गिटार स्ट्रॅटच्या धर्तीची आहे. पाच खाचांचा स्विच घोडीकडच्या टोकाला ढकल आणि टोनचे दोन्ही नॉब एकेक करून शून्यावर आण. आवाजात काही फरक पडला? बहुतेक नाही पडणार. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये एक टोन नेकच्या, म्हणजे मानेकडच्या पिकअपला (तारांखालचा, त्यांचा कंप पकडणारा भाग) असतो आणि एक मधल्याला. घोडीजवळच्या पिकअपला टोनच नसतो. आणि डिस्टॉर्शनसाठी पोरं वापरतात नेमका तोच! म्हणजे गिटारमधला सगळ्यात टोकदार पिकअप, त्याला लगाम नाही, आणि त्यापुढे गेन नऊवर.

यावर इलाज बोटभरसुद्धा नाही इतक्या वायरचा आहे. मागच्या महिन्यात एका पोराची अशीच गिटार माझ्या टेबलावर उघडली. तारा सैल केल्या, पिकगार्डचे, म्हणजे वरच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे, स्क्रू एका वाटीत काढून ठेवले (वाटीतच ठेव, फरशीवर पडलेला स्क्रू मी अजून शोधतोय) आणि पिकगार्ड उलटं केलं. स्विचच्या एका बाजूला पिकअपांच्या वायरी येतात, दुसऱ्या बाजूने टोनच्या नॉबांकडे दोन वायरी जातात. या दुसऱ्या बाजूवर घोडीच्या जागेचा पाय रिकामा होता, नुसता चकचकीत. शेजारच्या, मधल्या पिकअपच्या टोनच्या पायापासून या रिकाम्या पायापर्यंत वायरचा तुकडा डागला. पाच मिनिटांचं काम. खालचा टोन आता मधल्या आणि घोडीच्या, दोन्ही पिकअपना चालतो. त्या पोराने टोन सातवर आणून एक कॉर्ड मारला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी गिटारच बदलून दिली. स्वस्त गिटारींमध्ये स्विच वेगळ्या बनावटीचे असतात, पाय एका ओळीत असतात, तेव्हा आधी मल्टिमीटर लावून कुठला पाय कुठे जातो ते तपास. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर जेल रोडला नाही तर महारानी रोडला एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे जा, तो चहा पिता पिता करून देईल.

पिकगार्ड उघडायचं नसेल तर निदान पिकअपची उंची बघ. सगळ्यात शेवटच्या पट्टीवर तार दाबून धर आणि तार ते पिकअप हे अंतर पाहा. कारखान्यातून येताना पिकअप बरेचदा तारेला चिकटायला आलेले असतात. दोन ते तीन मिलिमीटर जागा ठेवून खाली घे; ठोसा जरा कमी होतो आणि आवाजाला श्वास मिळतो. पातळ, लवचिक पिक असेल तर जाड घे, मिलिमीटरच्या आसपासचं, आणि टोकाऐवजी त्याच्या गोल खांद्याने वाजवून बघ. हात घोडीपासून दोन बोटं पुढे सरकव. नव्या तारा घालून लगेच रेकॉर्ड करू नकोस, दोन दिवस वाजव. हे सगळं फालतू वाटतं खरं, पण प्रत्येकाने थोडं थोडं कमी होतं आणि ते पुढे कापावं लागत नाही.

इंटरफेसमध्ये एकच पाहायचं. गिटार ज्या इनपुटमध्ये लावतोस तिथे 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) लिहिलेलं बटण असतं, ते दाबलेलं हवं. गिटारच्या पिकअपला मेगाओहमच्या घरातला इनपुट लागतो. लाइन इनपुट साधारण दहा हजार ओहमच्या घरात असतो, तो पिकअपला दाबून टाकतो. मग आवाज मंद येतो, तू ट्रेबल आणि गेन चढवतोस, आणि त्याबरोबर सगळी खरखर वर येते. लेव्हल अशी ठेव की सगळ्यात जोराच्या झटक्यालाही मीटर उणे सहा डीबीच्या वर जाऊ नये, एरवी उणे बाराच्या आसपास. लाल दिवा एकदाही लागला तर तो घाव नंतर कशानेही भरत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण कमी होत असेल तर बॅटरीवर रेकॉर्ड कर. प्लगची अर्थिंगची पिन मात्र तोडू नकोस, असे सल्ले देणारे भेटतात.

तुझ्या दहा वॉटच्या अ‍ॅम्पचं काय? त्यात सहा किंवा आठ इंची स्पीकर असेल, त्याच्याकडून फार अपेक्षा नको. पण साध्या, डिस्टॉर्शन नसलेल्या आवाजासाठी तो बरा असतो. जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेव, मागे गादी उभी कर. फरशीवरून परतणारा आवाज सरळ आवाजात मिसळला की काही सूर उणावतात, काही उगीच वर येतात. मित्राचा शूर एसएम५७ हा माइक उसना मिळाला तर घे. १९६५ पासून गिटारवाले तोच वापरतायत. त्याचा स्वतःचा उभार पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणून तो मध्यावर रोखू नकोस. जाळीपासून दोन बोटं अंतर ठेव, टोपीच्या कडेसमोर धर आणि मित्राला वाजवायला सांगून हेडफोन घालून इंच इंच कडेकडे सरकव. अर्ध्या इंचात जे बदलतं ते ईक्यूच्या दहा नॉबांनी बदलत नाही.

एवढं करून उरलं तर ईक्यू. ऐंशी-नव्वद हर्ट्झच्या खालचं काढून टाक, ती जागा बासची आणि ढोलाची. वरून सात-आठ हजारांवर हळुवार उतार दे. मग एखादी जागा अजूनही शिट्टी मारत असेल तर अरुंद बँड वर उचलून अडीच ते पाच हजारांच्या मध्ये फिरव. जिथे दात शिवशिवतील तिथे थांब आणि तीन-चार डीबी खाली घे. पण उचलून फिरवलं की प्रत्येकच जागा वाईट वाटते, म्हणून एकदोन जागांवर थांब. दहा खड्डे खणले की उरतो तो डबा. आवाज फक्त काही सुरांनाच टोचत असेल तर कायमचं कापण्यापेक्षा टीडीआर नोव्हासारखा डायनॅमिक ईक्यू लाव. तोही फुकट आहे आणि टोचेल तेव्हाच दाबतो.

हे सगळं ठरवायचं कानाने, आणि कान लबाड आहे. आपल्या कानाच्या नळीची घडणच अशी आहे की तीन हजार हर्ट्झच्या आसपासचं तिच्यात आपोआप मोठं होतं, आणि गिटारचं टोचणंही बरंचसं तिथेच असतं. शिवाय आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच याचे आलेख काढून ठेवलेत. माझी भजी त्या रात्री जोरदार का वाटली होती, याचा अर्धा जमाखर्च इथे आहे. उरलेला अर्धा थकलेल्या कानांचा. अर्धा तास मोठ्याने ऐकलं की कान टोचणं नोंदवायचंच सोडून देतात, तुम्ही आणखी ट्रेबल घालता, आणि सकाळी तोंड लपवायची वेळ येते. पोह्यांवरच्या जीरावन मसाल्यासारखं आहे ते: जीभ बधिर झाली की चिमटीची मूठ होते. म्हणून हळू आवाजात काम कर, खोलीत कुणी बोललं तर ऐकू येईल इतक्या. आवडत्या रेकॉर्डचा एक तुकडा त्याच लेव्हलला आणून बाजूला ठेव आणि दर दहा मिनिटांनी त्याकडे जा. गिटार एकटी ऐकून ठरवू नकोस. गाणं, ढोलक, बास सगळं चालू ठेव. एकटी ऐकताना जरा मंद, किंचित कंटाळवाणी वाटणारी गिटार गाण्यात बसली की बरोबर वाटते. आणि शेवटी फोनच्या स्पीकरवर आणि कुणाच्या तरी गाडीत लाव, कारण तुझे श्रोते तिथेच आहेत.

खरेदीच करायची असेल तर तारांचा एक सेट, दोन जाड पिकं आणि तीन मीटरची धड केबल घे. माझ्या एका विद्यार्थ्याला एका दुकानात 'गिटार केबल' म्हणून दहा मीटरची बारीक वायर दिली होती. केबल जितकी लांब तितका वरचा सूर तिच्यातच मुरतो, आणि खराब शील्डिंगमुळे गुणगुण वेगळी. या सगळ्यावर माइकच्या किमतीचा एक कोपराही खर्च होणार नाही.

आणि रेकॉर्ड करताना प्लगइनमधून फक्त ऐक, ट्रॅकवर मात्र गिटारचा कोरा आवाज जाऊ दे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन ट्रॅकच्या एफएक्समध्ये लावलंस की हे आपोआप तसंच होतं, 'इनपुट एफएक्स'मध्ये लावू नकोस. ती कोरी फाइल जपून ठेव. सहा महिन्यांनी कान सुधारले की तेच वादन नव्या अ‍ॅम्पमधून काढता येतं. त्या टोनच्या वायरचं आधी कर, मग कोरी आणि तयार अशा दोन्ही फाइली मला पाठव. टोचणं नेमकं कुठे शिरतंय ते दोन्ही शेजारी ठेवल्यावर लगेच कळेल.